टीव्हीखालचा शांत पीसी: सुटे भाग निवडण्यापासून पंख्याच्या कर्व्हपर्यंत

टेबलाखालच्या पीसीची घरघर कानाला सवयीची होऊन जाते. तोच पीसी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणला, की पडद्यावर दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली रे लागली की घरघर मधे येते. आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात गोळीबार सुरू होतो. रात्री दारं-खिडक्या लावलेल्या शांत खोलीत मुळातच २५ ते ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. सोफ्यावर बसल्या जागी पीसीचा आवाज त्याच्या बराच खाली राहिला, तर तो चालू आहे की बंद हे कळतसुद्धा नाही. इथपर्यंत पोचायला फार महागडे भाग लागत नाहीत. निर्णय योग्य क्रमानं घ्यावे लागतात एवढंच.

बहुतेक जण सुरुवात फोम लावलेल्या केसपासून किंवा खोक्यावर ‘सायलेंट’ छापलेल्या पंख्यांपासून करतात. ते चुकीच्या टोकाकडून आहे. आधी उष्णताच कमी तयार होईल असं बघायचं. झालेली उष्णता मोठ्या, संथ पंख्यानं बाहेर काढायची. मग कंप केसच्या पत्र्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. फोमचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तो लागतच नाही. उलट हवेच्या वाटेत आलेला फोम पंख्याला जास्त पळायला लावतो.

या क्रमामागे गणित आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे उष्णता निम्मी केली की हवा निम्मी पुरते आणि आवाज निम्म्याहूनही कमी होतो. एकसारखे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. त्यामुळे एक पंखा जोरात पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगानं फिरवले, तर तेवढीच हवा मिळून १२ डेसिबल वाचतात. पुढचे सगळे निर्णय या दोन आकड्यांवर उभे आहेत.

प्रोसेसर: व्हिडिओ कोण उलगडणार?

चित्रपट चालवायला ताकदवान प्रोसेसर लागतो हा समज सोडून द्या. फाइल ज्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे तो उलगडणारं स्वतंत्र सर्किट प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये असेल, तर ४के चित्रपटाला जेमतेम काही वॅट लागतात. ते नसेल तर सगळे कोअर कामाला लागतात, तापमान चढतं आणि पंखा ओरडतो. आज चार कोडेक हार्डवेअरमध्ये हवेतच: एच.२६४, १० बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१. पहिले तीन गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या चिप्समध्ये आहेत. अडतं ते एव्ही१ पाशी. इंटेलच्या एकात्मिक ग्राफिक्समध्ये ते ११व्या पिढीपासून आलं. एएमडीच्या डेस्कटॉप चिप्समध्ये रायझन ७००० आणि ८०००जी मालिकांत आहे, पण अजूनही बाजारात दिसणाऱ्या रायझन ५६००जी मध्ये नाही. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं. अशी चिप या कामाला घेऊ नका.

फक्त चित्रपट, मालिका, फोटो आणि गाणी एवढंच काम असेल तर इंटेल एन१०० पुरेसा आहे. चार छोटे कोअर, ६ वॅटचा टीडीपी (उष्णतेची ठरलेली मर्यादा), एव्ही१ सकट सगळे कोडेक. हा प्रोसेसर मदरबोर्डावर झाळलेलाच येतो आणि बऱ्याच बोर्डांवर पंखा नसलेला हीटसिंक बसवलेला असतो. त्याला मेमरीचा एकच चॅनेल आहे, त्यामुळे खेळ किंवा जड ब्राउझिंगची अपेक्षा त्याच्याकडून नको. तेही हवं असेल तर कोअर आय३-१२१०० किंवा रायझन ५ ८५००जी या वर्गातलं काहीतरी घ्या आणि ८ जीबीच्या दोन रॅम-काड्या लावा. एकात्मिक ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरतं, म्हणून दोन चॅनेलचा फरक त्याला लगेच जाणवतो.

इंटेलच्या ‘टी’ अक्षराच्या, ३५ वॅटच्या चिप्स मुद्दाम शोधून घेण्यात अर्थ नाही. हलक्या कामात साधी चिप आणि ‘टी’ चिप जवळपास सारखीच वीज खातात. ‘टी’ ला वरून टोपण घातलेलं असतं इतकंच, आणि ते टोपण बायोसमधून (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून) कुठल्याही चिपला घालता येतं. आय३-१२१०० ची मूळ मर्यादा ६० वॅट आणि टर्बोची ८९ वॅट आहे. बायोसमध्ये पीएल१ (मूळ) आणि पीएल२ (टर्बो) हे दोन्ही आकडे ३५ वर आणले की चित्रपट पाहताना काही फरक पडत नाही, आणि अपडेट किंवा लायब्ररी स्कॅन चालू असताना पंखा अचानक उसळत नाही. एएमडीवर हेच काम इको मोड करतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लावू नका. खेळांसाठी घ्यावंच लागलं, तर हलक्या भाराला पंखे पूर्ण थांबवणारं घ्या. त्याची उष्णता मात्र केसमध्येच राहणार, हे धरून मोठी केस निवडा.

मदरबोर्ड घेताना मागची बाजू वाचा

बोर्डाच्या पेटीवर ४के लिहिलेलं असतं, पण किती हर्ट्झ ते आत शोधावं लागतं. एचडीएमआय १.४ असलेला पोर्ट ४के ला ३० हर्ट्झवर थांबतो. मेनू फिरवताना माऊस अडखळत चालल्यासारखा दिसतो आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त विस्तार दाखवणारं चित्र) तर नाहीच. किमान एचडीएमआय २.० हवा. त्याची क्षमता १८ गिगाबिट आहे. ४के, ६० हर्ट्झ, ८ बिट पूर्ण रंगात बसतं, पण १० बिट एचडीआर ६० हर्ट्झवर दाखवताना रंगाची माहिती ४:२:२ इतकी कमी करावी लागते. चित्रपट २४ फ्रेमचे असल्यानं तिथे ही अडचण येत नाही. सगळं पूर्ण रंगात जातं. १२० हर्ट्झचा टीव्ही असेल आणि खेळ खेळायचे असतील, तरच २.१ साठी जास्त खर्च करा.

आणखी दोन गोष्टी बघायच्या. चिपसेटवर बसवलेला छोटा पंखा नसावा, कारण तो बारीक, तीक्ष्ण आवाज करतो आणि सगळ्यात आधी बिघडतो. आणि पंख्याचे निदान दोन चार-पिनी हेडर हवेत, ज्यांचा वेग बायोसमधून पीडब्ल्यूएम (वेगाचा वेगळा सिग्नल) आणि व्होल्टेज अशा दोन्ही पद्धतींनी बदलता येतो. बोर्डाचा आकार केसवर ठरतो: मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ मिमी.

केस, कूलर आणि बिनपंख्याचा मोह

टीव्ही युनिटच्या कप्प्यात सरकणारी चपटी केस सगळ्यांना आवडते. पण केस जितकी चपटी, तितका कूलर बुटका, आणि बुटक्या कूलरचा पंखा लहान आणि वेगवान. फ्रॅक्टल डिझाइनच्या नोड २०२ मध्ये ५६ मिमी उंचीचा कूलर मावतो. तिथे ३७ मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल९आय बसेल, पण त्यावरचा ९२ मिमी पंखा भाराखाली ऐकू येईल. सिल्व्हरस्टोनच्या ग्रँडिया जीडी०९ सारख्या आडव्या केसमध्ये १३८ मिमीपर्यंत जागा मिळते. तिथे १२० मिमी पंख्याचा, ७० मिमी उंचीचा एनएच-एल१२एस आरामात बसतो आणि वर हवेलाही जागा राहते. जागा असेल तर नेहमी उंच केस घ्या. कप्प्याची उंची, रुंदी आणि खोली मोजताना मागच्या केबल वळण्यासाठी ५ ते ७ सेंटीमीटर वेगळे धरा.

स्ट्रीकॉम किंवा एचडीप्लेक्ससारख्यांच्या पूर्ण बिनपंख्याच्या केसही मिळतात. त्यांत प्रोसेसरची उष्णता हीटपाइपमधून थेट केसच्या जाड अॅल्युमिनियमच्या भिंतीत जाते. उघड्या जागेवर, एन१०० किंवा ३५ वॅटला बांधलेल्या चिपसोबत, त्या उत्तम चालतात. बंद कप्प्यात मात्र त्याच केसचा दम कोंडतो. भिंतीला थंड करणारी हवाच हलत नाही, आणि प्रोसेसर वाचला तरी एसएसडी आणि व्होल्टेज रेग्युलेटर भाजून निघतात. ५०० आरपीएमवर फिरणारा एक १२० मिमी पंखा दोन-अडीच मीटरवरून ऐकू येत नाही, आणि केसमधल्या प्रत्येक भागावरून हवा नेतो. पंखा नसलाच पाहिजे हा हट्ट सोडलात तर निवडीला भरपूर वाव मिळतो, आणि उन्हाळ्यातही पीसी सुरळीत चालतो. तेव्हा पंखा असावा, मोठा असावा आणि जेमतेम फिरावा.

पंखे १२० किंवा १४० मिमीचे, २५ मिमी जाडीचे, फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचे घ्या. आडव्या केसमध्ये पंखा बरेचदा जमिनीला समांतर, म्हणजे पालथा किंवा उताणा बसतो. साधं स्लीव्ह बेअरिंग त्या स्थितीत लवकर झिजतं आणि सहा-आठ महिन्यांत खरखर सुरू होऊ शकते. हवा आत घेणाऱ्या बाजूला पंख्याच्या अगदी तोंडाशी जाळी असेल तर आवाज वाढतो, कारण पाती अस्थिर झालेली हवा कापत जातात. मधे ५ ते १० मिमीचा स्पेसर घातला तरी फरक ऐकू येतो.

एसएमपीएस आणि डिस्क

एन१०० चा पूर्ण पीसी चित्रपट चालवताना १० ते १५ वॅटच्या आसपास खातो, तर आय३ चा २० ते ३०. अशा पीसीला ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लावला तर तो आयुष्यभर आपल्या क्षमतेच्या पाच टक्क्यांखाली चालतो, आणि तिथे त्याची कार्यक्षमता सगळ्यात वाईट असते. एन१०० साठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पिको पीएसयू. २४ पिनी सॉकेटमध्येच बसणारी छोटी पट्टी आणि बाहेर लॅपटॉपसारखा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर. नेहमीची पिको पट्टी १२ व्होल्ट पुढे तसेच्या तसे पाठवते. म्हणून अॅडॅप्टर पक्का १२ व्होल्टचा, रेग्युलेटेड हवा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॅप्टर तिला लावला तर बोर्ड जळेल.

मोठ्या चिपसाठी ४५० वॅटच्या आसपासचा, हलक्या भाराला पंखा थांबवणारा एसएमपीएस घ्या. टीएफएक्स किंवा फ्लेक्स आकाराचे टाळा. त्यांचा पंखा चिमुकला असतो आणि तो कधीच शांत नसतो. सीसॉनिकचा प्राइम फॅनलेस टीएक्स-७०० सारखा बिनपंख्याचा एसएमपीएस चांगला असतो, पण २५ वॅटच्या पीसीला तो अवाढव्य आहे.

सिस्टिमसाठी २५० ते ५०० जीबीची एम.२ एसएसडी पुरते. पीसीआयई ३ किंवा ४ ची साधी घ्या. ५ वाल्या वेगवान एसएसडी इथे फुकट तापतात.

हार्ड डिस्क हॉलमध्ये आणूच नका. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते, ७२०० ची १२०. या ९० आणि १२० हर्ट्झच्या गुणगुणीला केसचा पत्रा आणि लाकडी युनिट दोन्ही छान साथ देतात. डिस्क दुसऱ्या खोलीत नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणपेटीत) ठेवा आणि गिगाबिट लॅननं जोडा. ४के ब्ल्यू-रेचा कमाल प्रवाह सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जातो, म्हणजे १०० मेगाबिटचं लॅन धावत्या प्रसंगात अडकेल, गिगाबिट अडकणार नाही. केबल नेता येतच नसेल आणि डिस्क आत ठेवावीच लागली, तर ती स्क्रूनं कसू नका. दोन आडव्या लवचीक इलॅस्टिक पट्ट्यांवर टांगा किंवा मऊ सॉर्बोथेनच्या तुकड्यांवर ठेवा, आणि पीसी हलवताना काढून घ्या.

डिस्क ड्राइव्हबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ४के ब्ल्यू-रेची अधिकृत पीसी-सॉफ्टवेअर इंटेलच्या एसजीएक्स या सुविधेवर चालत होती, आणि ती ११व्या पिढीपासून डेस्कटॉप चिप्समधून गेली. डिस्क थेट लावून पाहायच्या असतील तर वेगळा प्लेअरच घ्या.

जोडणी

आधी सगळं केसच्या बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर जोडून चालू करा. बुटका कूलर बसला की रॅम आणि एम.२ च्या खाचा त्याखाली झाकल्या जातात, म्हणून हे दोन्ही आधी बसवा. रॅमवर उंच शोभेचे पत्रे नकोत. ३२ मिमीच्या आत राहणारी रॅम कूलरला अडत नाही.

प्रोसेसरच्या मधोमध थर्मल पेस्टचा ४ ते ५ मिमीचा एक ठिपका पुरतो. कूलर सरळ वरून ठेवा, सरकवू नका. चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरेच फिरवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्यांत अर्धा-अर्धा फेरा देत कसत जा. एकच कोपरा आधी पूर्ण कसला तर पेस्ट एका बाजूला दाबली जाते, आणि भाराखाली तापमान पाच-दहा अंशांनी वर दिसतं. पुढे पंखा का पळतोय याचं कारण शोधत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटं इथेच द्या.

बायोसची स्क्रीन आली आणि रॅम पूर्ण दिसली की केसमध्ये जा. पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, हे मोजून बघा. एक जादाचा राहिला तर शॉर्ट होतं. पंखे धातूच्या स्क्रूऐवजी सिलिकॉनच्या खुंट्यांनी बसवा, आणि खुंटी इतकी ताणू नका की पंख्याची चौकट पत्र्यावर आवळली जाईल. केबल पंख्यापासून दूर बांधा. पात्याला टेकलेली एक वायर टकटक करत राहते आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून येतोय असं वाटतं. हवा एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर, अशी एकच दिशा ठेवा. पुढचा निळा पॉवर एलईडी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत जातो. त्याची वायर बोर्डाला जोडूच नका.

पंख्याचा कर्व्ह: इथे घाई नको

मदरबोर्ड कंपनीचा मूळ कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरावा याचा आलेख) प्रोसेसर गार ठेवण्यासाठी केलेला असतो. आपल्याला तो गार नको, सुरक्षित हवा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिप्स १०० अंशांना आणि आजचे बरेच रायझन ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे चित्रपटात ६० किंवा ६५ अंश दिसले तर त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. १२० मिमीच्या पंख्यासाठी सुरुवातीला हा कर्व्ह घाला: ५५ अंशांपर्यंत ५०० आरपीएम, ६५ ला ६५०, ७५ ला ९००, ८५ ला १२००, आणि ९० च्या पुढे पूर्ण वेग.

मग सोफ्यावर बसून ऐका. स्थिर, मंद आवाज मेंदू काही मिनिटांत बाजूला टाकतो. बदलणारा आवाज टाकत नाही. प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं, पण हीटसिंकच्या धातूला तेवढं तापायला बराच वेळ लागतो. पंखा जर प्रत्येक उडीमागे धावला, तर मेनू उघडला की भुर्र आणि बंद केला की शांत, असं चालू राहतं. यावर उपाय बायोसमध्येच आहे. कुठे त्याला ‘स्मूदिंग’ म्हणतात, कुठे ‘स्टेप अप टाइम’. वर जायला आणि खाली यायला मिळेल तितका जास्त उशीर द्या. १० सेकंद तरी हवेतच. केसच्या पंख्यांना प्रोसेसरऐवजी बोर्डाच्या तापमानावर बांधता येत असेल तर तसंच करा. ते सावकाश बदलतं.

पुढचं काम फार थोडे लोक करतात आणि त्याचाच फायदा सगळ्यात जास्त असतो. पंखा एका ठराविक वेगावर स्थिर करा, ४०० पासून सुरुवात करा आणि ५०-५० आरपीएमनं १२०० पर्यंत चढत जा. प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा. सात पात्यांचा पंखा ६०० आरपीएमला ७० हर्ट्झवर हवेला ठोके देतो, १००० ला साधारण ११७ वर. यातला एखादा आकडा केसच्या झाकणाच्या किंवा कप्प्याच्या फळीच्या स्वतःच्या कंपाशी जुळला, की तिथे अचानक घुमारा ऐकू येतो. ५० आरपीएम पुढे गेलं की तो गायब होतो. असे दोन-तीन पट्टे कागदावर टिपून घ्या आणि कर्व्ह असा आखा, की पंखा त्या पट्ट्यांत रेंगाळणार नाही, झटकन ओलांडेल. काही पंख्यांची मोटर कमी वेगाला पीडब्ल्यूएमवर बारीक टिकटिकते. तसं झालं तर तो हेडर व्होल्टेज पद्धतीवर टाका.

तरीही आवाज येत असेल तर

एकेक पंखा काही सेकंदांपुरता बंद करून ऐका. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं केसवर फिरवलं की उगम सापडतो. तळहात झाकणावर दाबा. आवाज बदलला तर तो पत्र्याचा कंप आहे. झाकणाच्या कडेला आतून पातळ फेल्टची पट्टी लावा आणि केसखाली मऊ रबरी पाय द्या. पीसी उचलून जाड टॉवेलवर ठेवल्यावर आवाज गेला, तर दोष युनिटच्या फळीत आहे.

शिट्टीसारखा बारीक आवाज, जो माऊस हलवला किंवा पान सरकवलं की बदलतो, तो पंख्याचा नसून कॉइलचा असतो. बोर्ड किंवा एसएमपीएसमधल्या गुंडाळ्या कंप पावतात. बायोसमध्ये सी-स्टेट (रिकामा प्रोसेसर झोपवण्याची सोय) बंद करून बघितलं तर काही वेळा जातो, पण वीज जास्त लागते. एसएमपीएस बदलून बघणं हाच खात्रीचा मार्ग, म्हणून मुदतीत परत करता येईल असाच घ्या. आणि गुणगुण पीसीतून नव्हे तर स्पीकरमधून येत असेल, तर तो ग्राउंड लूप आहे (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह). अॅनालॉग केबल काढून ऑप्टिकल केबलनं ध्वनी न्या, लूप तुटतो. ऑप्टिकलमधून स्टिरिओ किंवा कॉम्प्रेस केलेला ५.१ एवढंच जातं, हे मात्र धरून चाला.

सॉफ्टवेअर आणि टीव्ही

स्वतःच्या फाइली पाहायच्या असतील तर लिब्रईएलईसी ही छोटी लिनक्स प्रणाली घ्या. पीसी चालू झाला की थेट कोडी हा मीडिया प्लेअर उघडतो, मधे डेस्कटॉप नाही, आणि इंटेल-एएमडीच्या नव्या ग्राफिक्सवर एचडीआरही चालतं. ब्राउझर किंवा खेळ हवे असतील तर विंडोज. पैसे भरून पाहायच्या सेवा मात्र टीव्हीच्या स्वतःच्या अॅपवर किंवा स्ट्रीमिंग स्टिकवर बघा. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये कॉपीसंरक्षणाची वरची पातळी मिळत नसल्यानं बऱ्याच सेवा तिथे ४के देत नाहीत, आणि त्यामागे लागण्यात वेळच जातो.

कोडीमध्ये सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ करा. ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ द्या. चित्रपट बहुधा २३.९७६ फ्रेमचे असतात. ६० हर्ट्झवर ते दाखवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं करावं लागतं, आणि कॅमेरा संथ फिरताना चित्र हिसके देतं. टीव्ही २३.९७६ ऐवजी नेमक्या २४ वर गेला तरी साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम चुकते. म्हणून दोन्ही दर व्हाइटलिस्टमध्ये (परवानगी दिलेल्या दरांच्या यादीत) वेगवेगळे निवडा. चित्रपट चालू असताना कीबोर्डवर इंग्रजी ‘ओ’ दाबलं की डीकोडरचं नाव दिसतं. त्यापुढे ‘एचडब्ल्यू’ नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर आहे, आणि पंखा का वाजतोय ते तिथेच कळेल.

एव्ही रिसीव्हर असेल तर ‘अलाऊ पासथ्रू’ (ध्वनी न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवणं) चालू करा आणि रिसीव्हरला समजणारे प्रकार तेवढेच टिकवा. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ त्याच वेळी बंद हवं, नाहीतर पासथ्रू चालत नाही. टीव्हीमार्गे साउंडबारला जायचं असेल तर साध्या एआरसीमधून (टीव्हीकडून ध्वनी परत नेणाऱ्या एचडीएमआय मार्गातून) डॉल्बी ट्रूएचडी जात नाही, त्याला ईएआरसी लागतं.

टीव्हीवर त्या एचडीएमआय पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ चालू करा, नाहीतर एचडीआर दिसणारच नाही. ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद करा. काळ्या भागातला तपशील गडप झाला किंवा काळं राखाडी दिसलं, तर पीसी आणि टीव्ही यांच्यात फुल आणि लिमिटेड रेंजचा (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादांचा) मेळ नाही. दोन्हीकडे एकच ठेवा. केबल प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि शक्य तितकी छोटी. ५ मीटरच्या पुढे तांब्याची केबल ४के ला दगा देऊ लागते. पडदा मधेच काळा होऊन परत येत असेल तर पहिला संशय केबलवर घ्या.

बहुतेक पीसी ग्राफिक्समध्ये सीईसी (एचडीएमआयमधून रिमोटचे आदेश नेणारी सोय) नसतं, त्यामुळे टीव्हीचा रिमोट आपोआप चालत नाही. पल्स-एटचा यूएसबी सीईसी अॅडॅप्टर किंवा फ्लर्कचा इन्फ्रारेड रिसीव्हर लावा. झोपलेला पीसी रिमोटनं उठवायचा असेल तर बायोसमध्ये ‘ईआरपी’ ही वीजबचतीची सोय बंद ठेवा, नाहीतर झोपेत यूएसबीची वीजच जाते. वायरलेस कीबोर्डचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, धावत्या डिस्कशेजारी लावला तर तो २.४ गिगाहर्ट्झच्या गोंगाटात सापडतो आणि कळा चुकतात. अर्ध्या मीटरच्या एक्स्टेन्शननं तो पुढे काढा.

जागा आणि धूळ

कप्प्याला पाठीमागून फळी असेल तर कापून मोठं भोक करा. मागे १० सेंटीमीटर आणि वर ५ सेंटीमीटर तरी मोकळे हवेत. गरम हवा बाहेर गेली नाही तर पंखा तीच पुन्हा आत ओढतो आणि तासाभरात कर्व्ह वर चढलेला दिसतो. म्हणूनच चाचणी पाच मिनिटांची करू नका. सगळं जागेवर ठेवून, कप्प्याचं दार लावून, पूर्ण लांबीचा ४के चित्रपट चालवा आणि शेवटी तापमान बघा. सबवूफरला टेकवून किंवा रिसीव्हरच्या डोक्यावर पीसी ठेवू नका.

हवा आत येणाऱ्या बाजूला धुता येणारी जाळी लावा आणि ती दोन महिन्यांनी धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. सहा महिन्यांनी हीटसिंकमधली धूळ ब्लोअरनं काढा. त्या वेळी पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ब्लोअरच्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग कायमचं वाजायला लागतं.